डाव्या हाताचा चाकू

मुलीनं चाकू मागितला की घरात काय होतं, हे पाहायचं असेल तर मुलीनं चाकू मागून पाहावा. मी मागितला. संध्याकाळी, आबा कामावरून येऊन ओट्यावर पाय धूत असताना. त्यामागे कुणावर सूड नव्हता की पळून जायचा बेत नव्हता. मी वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते, दिवाळीनंतर आमचा वर्ग तीन दिवस डांगच्या जंगलात झाडंझुडपं गोळा करायला जाणार होता आणि आमच्या देसाई सरांनी सामानाची एक गुजराती यादी वाटली होती. त्यात टॉर्च, दोरी, जुनी वर्तमानपत्रं, गरम कपडे यांच्या खाली एक ओळ होती : चाकू, मोठा. मोठा म्हणजे केवढा हे लिहिलं नव्हतं. प्राध्यापक माणसं तपशील विद्यार्थ्यांवर सोडतात, त्यामुळे विद्यार्थी स्वावलंबी होतात.

"कसाले जोयजे तुले चाकू?" माय आतून म्हणाली. "घरमा इळी शे ना!"

विळी घेऊन मी डांगच्या जंगलात उकिडवी बसेन आणि झाडं रांगेनं माझ्यापुढे येऊन स्वतःला चिरून घेतील, असं तिच्या डोळ्यांपुढे असावं. आबांनी यादी हातात घेतली, उलटी की सुलटी हे पाहिलं, आणि खिशातून धागे कापायची इवलीशी कातर काढून माझ्यापुढे धरली. त्यांच्या जवळची ती सगळ्यात मौल्यवान वस्तू. मागावर तुटलेला धागा शोधून, गाठ मारून, उरलेलं टोक कापायला ती त्यांना दर घटकेला लागायची. "हाई लई जाय," म्हणाले. मी म्हटलं, आबा, झाडं धाग्यांची नसतात. ते हसले नाहीत. मोठेपणी मला कळलं की त्या माणसानं मला तीन दिवस आपला उजवा हात देऊ केला होता आणि मी त्यावर विनोद केला होता.

आमचं घर बमरोलीत, एक खोली आणि पुढे ओटा. मागच्या भिंतीला लागून लूमचं खातं, म्हणजे माग चालायचा कारखाना. दिवसभर खटाखट, खटाखट. फळीवरची भांडी आपापसांत बोलत राहायची आणि आम्ही त्यांच्यावर आवाज चढवून बोलायचो. आमच्याकडे कुजबुज हा प्रकारच नव्हता. एखादी गुपित गोष्टसुद्धा ओरडून सांगावी लागे, त्यामुळे दोन दिवसांत साऱ्या गल्लीला कळलं की सुमनला चाकू पाहिजे. बायका मायला विचारून गेल्या, पोरीला कुणी त्रास देतो का. एकीनं तर मोठ्या मायेनं सांगितलं की अशा वेळी लग्न करून टाकणं बरं. चाकूवर लग्न हा उतारा तेव्हा सर्वमान्य होता. तापावरही चालायचा.

घरातली सुरी मी तपासली. चहाच्या पुड्यावर फुकट मिळालेली, प्लास्टिकच्या पिवळ्या मुठीची. काकडी कापताना ती वाकायची आणि काकडीलाच संकोच वाटायचा. म्हणून मी साड्यांचे धागे कापून साठवलेले पैसे घेतले आणि चौकबाजारातल्या एका दुकानात गेले. काचेच्या कपाटात तो झोपला होता. काळं पातं, पाठीवर करवतीचे दात, मूठ पोकळ. मुठीचं झाकण फिरवलं की आत काड्यापेटीच्या सहा काड्या, मासे धरायचा गळ, सुई, दोरा. झाकणावर होकायंत्र. दुकानदार म्हणाला, "बेन, आ तो फोरेननो माल छे. जंगलमा एकला पडी जाव ने, तो आना पर जिंदगी नीकळी जाय." म्हणजे जंगलात एकटी पडलात तर याच्यावर आयुष्य निघेल. होकायंत्राचा काटा सारखा त्याच्या गल्ल्याकडे वळत होता. मी ते पाहिलं. पाहूनही घेतला. एकोणीस वर्षांच्या माणसाला गळ, सुई आणि सहा काड्या एकत्र दाखवल्या की त्याची अक्कल त्याच मुठीत जाऊन बसते.

आता माझा भाचा मला मोबाइलवर दाखवतो, दाढीवाली तरणी माणसं कुठल्याशा थंड देशात लाकडाच्या ओंडक्यावर बसून चाकूबद्दल बोलत असतात. पात्याची जाडी, पोलादाची जात, मुठीचा बाक. एकेकजण अर्धा तास. एकालाही कुणी लग्न कर म्हणत नाही. मी चष्मा लावून मन लावून पाहते. त्यातलं बरंचसं मला एका बाईनं रस्त्याच्या कडेला चार वाक्यांत सांगितलं होतं, पण तिला दाढी नव्हती.

त्या बाईपर्यंत मी पोचले ते वांग्याच्या भरतामुळे. आठवड्यातून एक दिवस लूमची वीज बंद असायची. त्या दिवशी भिंत गप्प, भांडी गप्प, आणि आम्ही सवयीनं ओरडत. माय त्या दिवशी हिरव्या वांग्यांचं भरीत करायची. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेली वांगी, ठेचलेली मिरची, कांद्याची पात, आणि कळण्याच्या भाकरी, उडीद-ज्वारीच्या, तव्यावरून थेट ताटात. चलथाणहून मामा आला होता. तो ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. येताना नेहमीप्रमाणे खांद्यावर उसाची मोळी. ओट्यावर बसून म्हणाला, "दखाड बरं तुन्ही तलवार."

मी आणून दिला. मामानं झाकण उघडलं, गळ बघितला, काड्या मोजल्या, होकायंत्र कानाला लावून ऐकलं. मग ऊस पुढे ढकलला. "काप."

मी उभी राहिले, हात उंच केला आणि साऱ्या गल्लीसमोर घाव घातला. ऊस जागचा हलला नाही. मूठ माझ्या हातात राहिली, आणि पातं मात्र स्वतंत्र झालं. ते मायच्या डोक्यावरून गेलं, दारातून आत शिरलं आणि भरताच्या पातेल्यात जाऊन उभं राहिलं. करवतीच्या दातांना कांद्याची पात अडकली. वीज बंद होती, त्यामुळे पातं रुतल्याचा आवाज साऱ्या गल्लीला ऐकू गेला.

"भरीतमा लोखंड पडनं," माय म्हणाली. "आते काय खावानं?"

खाल्लं ते भरीतच. चव तीच होती. आबांनी जेवताना एकदा दाराच्या चौकटीकडे आणि एकदा मायच्या डोक्याकडे पाहिलं, मधलं अंतर डोळ्यांनी मोजलं, आणि मला म्हणाले की सहलीला जायचं की नाही ते आपण बघू. आमच्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होता. डांगची सहल चुकली तर वनस्पतींचा संग्रह नाही, संग्रह नाही तर प्रात्यक्षिकाची परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर गल्लीतल्या बायका उतारा घेऊन तयारच होत्या.

मला वाचवलं मामानं. "पोरनी चूक नही," तो म्हणाला. "चाकूनी चूक शे. मी तिले लई जास." दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी त्याच्या सायकलच्या मागे बसून चलथाणला गेले. तिथे रस्त्याच्या कडेला गाडीलोहारांचा तांडा उतरला होता. ऊसतोडीच्या हंगामात कोयते घडवायला, धार लावायला ते दरवर्षी यायचे. मामाच्या टोळीचे सगळे कोयते केसरबाईकडचे. मी भेटायला गेले तेव्हा ही केसरबाई घण घालत होती. नवरा बसून सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा, आणि ती उभी राहून, हातातल्या चांदीच्या कड्यांसकट, घण डोक्यावरून आणून त्यावर मारायची. बाईमाणसाच्या हातात धारेची वस्तू शोभत नाही, असं म्हणणाऱ्या गल्लीतल्या सगळ्यांना मला ट्रक करून तिथे आणावंसं वाटलं.

तिनं घण खाली ठेवला. मामानं हकिकत सांगितली. भरताचा भाग आला तेव्हा ती इतकी हसली की नवऱ्याच्या सांडशीतलं लोखंड गार झालं.

"क्या काटेगी?" तिनं मला विचारलं.

"फांद्या. मुळं. झाडाची साल."

"आदमी?"

"नहीं."

"तो छोटा चलेगा."

मग तिनं ओल्या मातीचा गोळा माझ्या पुढे धरला आणि तो मुठीत दाबायला सांगितलं. मी उजव्या हातानं दाबला. ती माझ्या बोटांकडे पाहत राहिली. एकाएकी तिनं खालचा एक विझलेला कोळसा उचलून माझ्या अंगावर फेकला, आणि मी तो झेलला. डाव्या हातानं.

"झूठ क्यों बोलती है?" ती म्हणाली.

मामा सायकलची हवा तपासायला लागला. त्याला माहीत होतं. लहानपणी मी डाव्या हातानं जेवायला लागले की माय त्यावर उलथनं मारायची, आणि पुढे पुढे नुसतं उलथनं हातात घेतलं तरी पुरायचं. शाळेत पाटीवर, घरी ताटावर, धागे कापताना, सगळीकडे मी उजव्या हाताची मुलगी झाले होते, आणि सगळीकडे थोडी बावळट होते. अक्षर वाकडं, भाकरी वाकडी. ही पोरगी वेंधळी आहे असं सगळ्यांनी एकमतानं ठरवलं होतं. मी विरोध केला नव्हता, कारण पुरावा माझ्याच हातात होता. एकोणीस वर्षांत तुझा हात कोणता हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी तिथे रडले. केसरबाईनं त्याकडे लक्ष दिलं नाही. धूर डोळ्यांत जातो, सगळेच रडतात.

मी मातीचा दुसरा गोळा डाव्या हातानं दाबला आणि तो तिनं समोर ठेवून घेतला. ट्रकच्या कमानपाट्याचा एक तुकडा भट्टीत गेला. वीतभर पातं निघालं, पाठ जाड, टोक किंचित खाली झुकलेलं. लोखंड एकच, पात्याच्या टोकापासून मुठीच्या शेवटापर्यंत. दोन्ही बाजूंनी बाभळीच्या फळ्या, तीन पितळी खिळे, आणि माझा डावा अंगठा जिथे टेकत होता तिथे एक खळगा. "इसमें सुई-धागा नहीं है," ती म्हणाली. मामानं तिला तेही सांगितलं होतं. मग माझ्या हातात चाकू देऊन तिनं जुन्या दोराचा एक तुकडा ताणून धरला. "दबाना मत. खींचना. दबाएगी तो फिसलेगा, खींचेगी तो काटेगा." दोर तुटला तेव्हा आवाजसुद्धा आला नाही.

घरी आबांनी पात्यावर अंगठा आडवा फिरवला. लोखंड चांगलं आहे एवढंच म्हणाले, आणि 'बघू' मागे घेतलं गेलं. मायनं मी तो कोणत्या हातात धरते ते पाहिलं. "घ्या," ती म्हणाली, "आते हाई डावखुरी बी झायी." उलथनं मात्र उचललं नाही.

डांगमध्ये आमच्या वर्गातल्या निमेशजवळ खरा परदेशी चाकू होता. निमेश हिऱ्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. अँटवर्पच्या काकांनी पाठवलेला तो चाकू चामड्याच्या म्यानात, छातीवर उलटा लटकवलेला. काका म्हणे असाच लटकवतात. सरांनी तो सगळ्यांना दाखवला, त्यावर पाच मिनिटं बोलले. मग माझा पाहून म्हणाले, "आ तो कसाईनो छे के?" सगळे हसले. मीही हसले. सहलीत हसायचं असतं. दोन दिवस निमेशचा चाकू म्यानातून निघाला नाही, कारण बाहेर काढला तर त्याला जंगल लागलं असतं. फांद्या माझ्या कसायाच्या चाकूनंच कापल्या जात होत्या. साग, खैर, वेली, बांबूचे कोंब. गोळा केलेलं सगळं वर्तमानपत्रांत घालून दोन लाकडी चौकटींमध्ये दाबलं जाई आणि ती जड चळत नायलॉनच्या दोरीनं बांधून निमेशच्या पाठीवर चढवली जाई. वर्गात खांदे त्याचेच रुंद होते. दोरी छातीवरून आडवी, आणि सुटू नये म्हणून सरांनी स्वतः मारलेली गाठ.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नदीच्या काठानं चाललो होतो. काठ उंच, खाली पाणी. निमेशचा पाय घसरला. तो खाली गेला, पण पाठीवरची चौकट वर उंबराच्या दोन मुळांमध्ये अडकली, आणि तो दोरीला लोंबकळत राहिला. पाय पाण्यात हलत होते. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, बरं झालं, अडकला. मग दोरी काखेतून सरकून गळ्यावर आली. तो ओरडत होता तो एकदम थांबला. त्याचा हात छातीवरच्या म्यानाकडे गेला. दोरीचा एक पदर नेमका म्यानाच्या बंदावर आवळला होता. अँटवर्पचा चाकू आत सुखरूप राहिला.

देसाई सर मागून ओरडत होते, "कोई हलशो नहीं! कोई हलशो नहीं!" तो आदेश सगळ्यांनी पाळला. मी पाळला नाही, यात शौर्य नव्हतं. मी सगळ्यात जवळ होते आणि त्याचे ओठ निळे होताना मला दिसत होते. मी पोटावर पडले, उजव्या हातानं मूळ धरलं आणि डावा हात खाली सोडला. दोरी त्याच्या जबड्याखाली रुतली होती. पातं आणि गळा यांच्यामध्ये दोन बोटांची जागा. मी उभ्या आयुष्यात वेंधळी म्हणून ओळखली गेले होते आणि आता माझ्या हाताच्या टोकाला एक माणूस होता. खालून निमेश माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे मला अजून दिसतात. मी पात्याची धार बाहेर वळवून ते दोरीच्या खाली सरकवलं. दाबायचं नाही. खेचायचं. मी माझ्याकडे खेचलं.

निमेश पाण्यात पडला. पाणी कमरेएवढं होतं. तो उभा राहिला, गळा धरून खोकला, ओकला आणि काठाला धरून मोठ्यानं रडला. त्याचा श्वास शिट्टीसारखा ऐकू येत होता. चौकट मुळांमधून सुटली, घरंगळत नदीत गेली आणि दोन दिवसांच्या वनस्पती घेऊन वाहू लागली. मग देसाई सर हलले. काठाकाठानं धावत सुटले, "मारा नमूना! मारा नमूना!" म्हणजे माझे नमुने, असं ओरडत. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा धावताना पाहिलं. निमेशला आम्ही तिघी मुलींनी वर ओढलं. गळ्यावर जांभळा वळ उठला होता. तो माझा हात सोडेना. रडत रडत काही तरी म्हणत होता. नीट कळलं नाही, आभार असावेत. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मात्र तो स्पष्ट बोलला. काकांच्या चाकूचं म्यान भिजलं म्हणाला.

सहलीचा अहवाल कॉलेजच्या फलकावर लागला. त्यात म्हटलं होतं की एका विद्यार्थ्याचा पाय घसरला, परंतु प्रसंगावधानामुळे अनर्थ टळला. प्रसंगावधान कुणाचं, हे लिहिलेलं नव्हतं. ते जंगलात वाऱ्यावर असतं बहुतेक, ऐनवेळी येऊन दोऱ्या कापून जातं. शेवटी एक सूचना होती : पुढील सहलीपासून विद्यार्थिनींनी धारदार वस्तू सोबत आणू नयेत. मी ती दोनदा वाचली. मग एक हुंदका आला आणि त्याचंच हसू झालं. फलकासमोर उभं राहून एकटीनं हसणाऱ्या मुलीबद्दल जे बोललं जातं, ते माझ्याबद्दलही बोललं गेलं.

घरी आले आणि सगळं मायला सांगितलं. भिंतीमागे लूम चालू होते, त्यामुळे दोरी, गळा, नदी, फलक, सारं मला ओरडून सांगावं लागलं. ती भाकरी थापत ऐकत होती. पोरगा जगला का, एवढं विचारलं. जगला म्हटल्यावर पुढची भाकरी तव्यावर टाकली. मला वाईट वाटलं. निदान रागवेल असं वाटलं होतं.

चारेक दिवसांनी मामानं शेतावरचं एक गंगाफळ पाठवलं, म्हणजे लाल भोपळा, चांगला मोठा. आमच्यात अख्खं गंगाफळ बाई फोडत नाही. पहिला घाव पुरुषाचा. पुरुष घरी नसेल तर गंगाफळ थांबतं, फारच घाई असेल तर शेजारचं एखादं रांगतं पोर उचलून आणतात, त्याचा हात सुरीला लावतात आणि शास्त्र भागवतात. आबा कामावर होते. माय थोडा वेळ गंगाफळापुढे बसली, मग उठून दारात गेली, गल्लीत पाहिलं, परत आली. ते उचलून तिनं माझ्यापुढे ठेवलं.

"तुन्हा बाप येस तवलोंग मी काय वाट देखू?" ती म्हणाली. "काप."

मी चाकू आणला. टोक देठाजवळ रोवलं आणि खेचलं. गंगाफळ कर्रकन उकललं, दोन सारख्या फाका, आतून केशरी. माय त्या फाकांकडे बघत राहिली. मग बिया वाळत घालायला सांगून विळीवर बसली.

संध्याकाळी आबा जेवायला बसले. भाजीचा घास घेतला आणि थांबले. आपण घरी नव्हतो हे त्यांच्या लक्षात आलं असावं. "गंगाफळ कोनी फोडं?" त्यांनी विचारलं.

"सुमननी," माय म्हणाली. लूमच्या आवाजावर, गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं. आबांनी कानाला हात लावला तसं तिनं पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं. "सुमननी फोडं!"

आबांनी घास संपवला आणि ताट भाजीसाठी पुन्हा पुढे केलं.